शकुनाचे टाके

"हा कोपरा सोडला तर गोधडी एक नंबर आहे, ताई," परीक्षक योगिता मॅडम म्हणाल्या आणि वनमालानं चटकन मागं वळून पाहिलं.

बीडला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. तलवाड्याहून वनमाला गोधडी घेऊन आली होती, सोबत सासू. सासूनं यायचं तसं काही कारण नव्हतं, पण साखराबाई ऐकतात होय! स्टॉलमागं खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत.

"बाकीचे टाके बघा कसे एकसारखे. इथंच वाकडेतिकडे, लांब-आखूड झालेत. एवढे उसवून सरळ घाला. संध्याकाळी मी परत येते. मुंबईच्या प्रदर्शनाला इथून एकच गोधडी जाणार आहे. तिथं शेजारी तुमच्या नावाची पाटी लागेल."

मॅडमचं काही खोटं नव्हतं. त्या कोपऱ्यातले टाके साखराबाईंचे. त्यांच्या घरी गोधडीची सुरुवात मोठ्या बाईच्या हातानं व्हायची, शकुन म्हणून. वाकडं चाललंय हे वनमालाला तेव्हाच दिसलं होतं, पण ती बोलली नव्हती. आता तिला आधी सासूचा राग आला, मग स्वतःचा. गावात ती राधाकिशनची बायको, नाहीतर अंगदची आई. आणि मुंबईत नावाची पाटी!

"बिलेड आण," मागून आवाज आला.

"राहू द्या आत्या."

"राहू द्या कावून? बाई खरं बोलली. मला दिसत न्हाई तर न्हाई. आण इकडं."

साखराबाईंनी चाचपत चाचपत आपले टाके कापले. दोऱ्याचे तुकडे ओढून पदरात गोळा केले. "घाल आता सरळ. मुंबईला जायचंय वाकळंला."

वनमालानं सुई ओवली. जुन्या लुगड्याच्या कापडावर टाक्यांची भोकं तशीच राहिली होती, एक वर, एक खाली. नखानं घासली असती तर बुजली असती. सुईही बाजूनं नेता आली असती. तिनं ती पहिल्या भोकात घातली. मग दुसऱ्या. मग हात थांबलाच नाही.

संध्याकाळी मॅडम आल्या. कोपरा पाहिला, वनमालाकडं पाहिलं आणि तशाच पुढं गेल्या. मुंबईची लाल चिठ्ठी त्यांनी शेजारच्या स्टॉलवरच्या गोधडीला टाचली. वनमाला उरलेला दोरा रिळाला गुंडाळत राहिली.

"आली होती का बाई? काय म्हणली?"

"चांगले आलेत म्हणली टाके."

"बघू."

साखराबाईंनी गोधडी मांडीवर ओढली आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अर्ध्यात थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून फिरवला, सावकाश.

"लई सरळ घातलेस गं," त्या म्हणाल्या. अंगठा मात्र त्यांनी तिथून उचलला नाही.