हळद-तूप

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. इचोड्याच्या पगारी फुटबॉल संघाचे मालक महिपतराव यांनी यंदा खेळाडूंनाच ओळीनं बसवलं आणि एकेकाच्या गुडघ्यांना स्वतःच्या हातानं हळद-तूप चोळलं. बैलांना म्हणतात तसंच प्रत्येकाला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

कप्तान अमरदीपचे डोळे भरून आले. "उजवा गुडघा लई दुखून राह्यला, मालक. कोणाले सांगतलं नाई."

"काऊन नाई सांगतलं, लेका?" म्हणत महिपतरावांनी त्याच गुडघ्यावर आणखी तूप घातलं.

मग हात धुताना ते मॅनेजरला म्हणाले, "विचारलं तं कोणी सांगत नाई, हात फिरवला का बोलते. अमरदीपले उद्या पोटभर पुरणपोळी खाऊ दे, अन् मंग काढून टाक."