पुसलेले व्हिडिओ

नीलेश अपघातात गेल्यापासून कुंदाबाई रोज दुपारी कॉम्प्युटर लावून त्याचे जुने व्हिडिओ पाहायच्या. त्यांचे यजमान शालिग्राम मात्र पोराचं नावही काढत नसत. "या माणसाच्या छातीत दगड आहे," कुंदाबाई म्हणायच्या.

अलीकडे कॉम्प्युटरमधून टकटक ऐकू यायची. व्हिडिओ मध्येच अडकायचा आणि नीलेश अर्धवट हसत थांबायचा. भुसावळला माहेरी आलेल्या मोहिनीनं तो आवाज ऐकला आणि आधी बटण बंद केलं.

"आई, हार्ड डिस्क जायला लागलीये. आता चालू केलास, तर दादा कायमचा जाईल."

दुरुस्तीवाल्यानं सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं. "काकू, कुणीतरी पुसून टाकलेले व्हिडिओपण परत आलेत," तो म्हणाला.

त्यांवरच्या तारखा नीलेश गेल्यानंतरच्या होत्या. कुंदाबाईंनी एक लावला. पडद्यावर शालिग्राम एकटेच बसले होते. "नीलेश, आज तुझी आई दोन घास जेवली रे," ते कॅमेऱ्याकडे बघून सांगत होते.

मग ते गप्प झाले, आणि समोरचं उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवू लागले.