साडेतीनचा सिग्नल

साडेतीन वाजून गेले तरी सिग्नल आला नाही. निरंजनने पुन्हा घड्याळ पाहिलं.

भोसरीतल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर त्याने भंगारातल्या चार टीव्हीच्या डिश एकत्र जोडल्या होत्या. कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हेडफोन लावून आकाशातून कुणी बोलतंय का ते ऐकायचं, असा सहा वर्षांचा उद्योग. बायकोचं हसून झालं, स्टाफरूमचं हसून झालं. आणि दहा दिवसांपूर्वी, कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर, खरंच कुणीतरी बोललं! सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. असं वेळापत्रक पाळायला बुद्धी लागते. खोडदच्या मोठ्या दुर्बिणीवाल्यांसाठी मेल लिहून तयार होता, फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

आणि आज सकाळपासून सगळं गप्प. गेल्या गुरुवारीही हेच. तेव्हा त्याने दिवसभर स्क्रू आवळले, वायरी बदलल्या, स्वतःला शिव्या घातल्या. आज पुन्हा हातात पान्हा घेऊन तो या डिशपासून त्या डिशपर्यंत येरझाऱ्या घालत होता.

घरमालकीण सोजराबाई कुरडया वाळत घालायला वर आल्या. "सर, काय हरवलं?"

त्याला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं, वेळांसकट.

"अवो, ह्या तर कारखान्याच्या पाळी बदलायच्या येळा! मागल्या शेडात पाळी लागली की मोठं मशिन चालू करत्यात. माझा रेडिओबी खरखरतो."

"मग आज?"

"आज बेस्तरवार न्हाई का! समद्या एमआयडीसीला सुट्टी. तुमची सुट्टी रविवारची, तुमाला काय ठावं?"

निरंजन मटकन खाली बसला. प्रकाशवर्षांच्या गप्पा मारता मारता निघाली काय, तर मागची गल्ली! त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. त्याने फोन काढला आणि मेल पुसून टाकला.

एवढं खचण्यासारखं काय झालं, ते सोजराबाईंना कळेना. "म्हंजी मशिन चालू असलं की ते वरचं आयकू येत न्हाई व्हय?"

"नाही येत. आणि बाकीच्या कारखान्यांची बारीक खरखर तर दिवसभर असतेच."

त्यांनी परात खाली ठेवली आणि त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला.

"मग आयका की गुमान! अख्ख्या आठवड्यात ह्यो एकच दिस गप असतो."