सदतिसावं मत

“मावशी कापली,” बाबा म्हणाले आणि वहीतल्या एका ओळीवर त्यांनी लाल रेघ मारली.

“अहो, किती चांगलं लिहिलंय तिनं!” आई शिलाई मशीनवरून ओरडली.

“‘गुणाची गं माझी बाळी’ असं अनोळखी माणूस लिहीत नाही.”

मोजदाद परत अठ्ठ्याण्णववर आली. अकरा वाजले होते. मुलीने नखं खायला सुरुवात केली.

तीन वर्षं एकटीने खपून तिने एक व्हिडिओ गेम बनवला होता. बसचं एक जुनं आगार, आत अडकलेली बारा माणसं आणि बाहेर झॉम्बी. फाटकावर पहारा कुणी द्यायचा, स्वयंपाक कुणी करायचा, झोपायचं कुणी, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. चुकला की झॉम्बी आत. बाबांची सारी नोकरी बस आगारात ड्यूट्या लावण्यात गेली होती. तरी आपल्याला असल्या पोरखेळात काडीचा रस नाही, असं ते येईल त्याला सांगत. “मेलेली माणसं दिवसभर चालतात आणि जिवंत पोरगी खुर्चीतून हलत नाही!”

टेबलावर एका विमा कंपनीचं पत्र पडलं होतं. मुलीला सोमवारी तिथे नोकरीवर हजर व्हायचं होतं. रोजच्या भांडणाला कंटाळून तोडगा बाबांनीच काढला. गेम बाजारात आल्यावर एक महिना द्यायचा. शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत शंभर अनोळखी खेळाडूंनी गेम चांगला म्हटला, तर पत्र फाडायचं. नाहीतर सोमवारी निमूट कामावर. घरच्यांची मतं बाद, नातेवाइकांची बाद, मैत्रिणींची बाद. आईचं मत पहिल्याच दिवशी उडालं होतं. चार मिनिटं खेळून तिने लिहिलं होतं, ‘छान आहे. डोळ्यांना जप.’

बाबा रोज सकाळी चष्मा लावून नवी मतं जुन्या ड्यूटीच्या वहीत उतरवून घेत. मग जेवून आतल्या खोलीत जात, दार लावून घेत आणि मुलीच्या जुन्या कंप्यूटरशेजारच्या कॉटवर आडवे होत. निवृत्तीनंतर त्यांची दुपारची झोप वाढली होतीच. या महिन्यात तर ती थेट चहाच्या वेळेला जाऊन टेकली.

मतंही एकेक नमुनेदार. कुणी लिहिलं, झॉम्बी फारच सावकाश येतात, माझी सासू यांच्याआधी पोचते. कुणी म्हणालं, बाकी कुणालाही मारा, स्वयंपाक्याला मारू नका, त्याच्यात जीव गुंतलाय. पण सगळ्यांवर कडी होती सदतिसाव्या मताची. ते होतं ‘पंक्चर’ नावाच्या खेळाडूचं.

‘एकाच माणसाला लागोपाठ दोन दिवस फाटकावर लावू नका. एक दिवस फाटक, एक दिवस स्वयंपाकघर. मग डोळा लागत नाही. गेम उत्तम. फक्त पश्चिमेचं फाटक अर्ध्यात अडकतं, ते दुरुस्त करा.’

तोवर सगळ्यांचेच पहारेकरी तिसऱ्या दिवशी झोपत आणि खेळणारे वैतागून गेम सोडत. पंक्चरची युक्ती हां हां म्हणता पसरली. लोकांची आगारं तगायला लागली, मतं धडाधड येऊ लागली. मुलगी त्या पंक्चरवर जीव ओवाळून टाकायची बाकी होती. “हा माणूस भेटला ना, तर गळ्यातच पडेन त्याच्या,” ती म्हणायची. फाटक मात्र ती रोज उद्यावर ढकलत होती.

साडेअकराला एक मत आलं. ‘चार वेळा मेलो. पाचव्यांदा जेवायचं विसरलो. झकास!’

“हा आपल्यातला नाही,” बाबांनी शेरा मारला. “नव्व्याण्णव.”

बाराला दहा मिनिटं असताना आणखी एक आलं. मुलीने अशी किंकाळी फोडली की आईने बाही अर्धी मशीनमध्येच सोडली. गळ्यातल्या मापाच्या पट्टीसकट ती धावत आली आणि दोघी एकमेकींचे हात धरून गरागरा फिरल्या. एक खुर्ची आडवी झाली. मुलगी हसत होती, रडत होती, मध्येच झॉम्बीसारखी हात पुढे करून चालून दाखवत होती.

“थांबा,” बाबा म्हणाले. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं. “एक घरचं राहिलंय.” आणि त्यांनी सदतिसाव्या ओळीवर रेघ मारली.

“बाबा! पंक्चर? तो कुठून घरचा?”

“आहे. नियम म्हणजे नियम. नव्व्याण्णव.”

“अहो, शुद्धीवर आहात का?” आई म्हणाली.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. मुलगी स्क्रीनसमोर बसली. एक मत, फक्त एक. काटा सरकत राहिला आणि काहीच आलं नाही. बारा वाजले. तिला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. तिने टेबलावरचं पत्र उचललं.

“जाते उद्या,” ती कशीबशी म्हणाली.

बाबांनी तिच्या हातातून पत्र घेतलं. चष्मा पुसला.

“एक सीट रिकामी आहे म्हणून मी आजवर कधी बस रद्द केलेली नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी पत्राचे सरळ दोन तुकडे केले.

मग वहीचं कोरं पान काढून दोन ओळी लिहिल्या, वही मुलीपुढे सरकवली आणि ते झोपायला निघाले. मुलीने डोळे पुसून वाचलं.

‘सोमवार, सकाळची ड्यूटी: पोरगी. काम: पश्चिमेचं फाटक दुरुस्त करणे.

तक्रारदार: पंक्चर, मुक्काम आतली खोली.’