शुक्रवारच्या केकची बशी

ओडेन्से शहरातली मांजरं एक वेळ उंदीर ओळखायला चुकतील, पण बोडिलचा रोबो माणूस ओळखायला चुकणार नाही, असं म्हणत. सगळ्यात जास्त बोडिलच म्हणे. उभी हयात तिने त्याची नजर घडवण्यात घालवली होती, आणि सोमवारी त्याच नजरेची परीक्षा होऊन तिला विभागप्रमुखाची खुर्ची मिळायची होती.

शुक्रवारी प्रयोगशाळेत केक असे. दिसेल त्या माणसापुढे बशी ठेवायची आणि खोली रिकामी झाली की दिवा मालवायचा, ही रोबोची कामं. त्या दुपारी माणसं चार होती आणि बशा आल्या तीन. बोडिलपुढे बशी नव्हती.

"तुझं वजन त्याच्याही डोळ्यावर आलंय गं," तिचा सहकारी टोर्किल म्हणाला.

बोडिल हसली. तिने टोर्किलशी खुर्ची बदलली. रोबोने बशांची पुन्हा फेरी मारली. त्याला तिथेही बशी मिळाली, तिला नाही. तिने चष्मा काढला, कोट उतरवला. रोबो बशा घेऊन तिच्या पुढ्यातून निघून गेला.

"सोमवारी असं केलं तर?" टोर्किल आता हसत नव्हता.

"नाही करणार. तुमच्या गर्दीत गोंधळतोय तो. बाहेर जा सगळे."

तिघे बशा घेऊन बाहेर पडले. बोडिल ऐन दिव्याखाली उभी राहिली. रोबोने सावकाश मान फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काचेवरून जावी तशी त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून गेली.

मग तो दाराशी गेला आणि त्याने दिवा मालवला.