मागच्या चाकांचा जोर

“ब्रेक,” बाबा ओरडले आणि मुलीनं ब्रेक दाबला.

ओल्या काँक्रीटवर गाडीची मागची बाजू पुढे आली, तोंड मागे गेलं, आणि एक केशरी शंकू आडवा करून ती बुटकी निळी गाडी आल्या दिशेलाच तोंड करून थांबली. इंजिन बंद पडलं. बाबांचा पाय अजून पुढ्यातल्या मोकळ्या जागेत दाबलेला होता. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तिथे शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक असतो. इथे नुसती रबरी मॅट होती.

“लागलं का कुठे?” मुलीनं विचारलं.

“मला काय होतंय? तुझं लक्ष कुठे होतं?”

“गाडीवरच होतं. तुम्ही ब्रेक म्हणालात आणि पाय गेला. लहानपणापासूनची सवय आहे, बाबा. मागची चाकं घसरत असताना ब्रेक मारला की ही अशीच फिरते.”

बाबांनी मॅटवरचा पाय मागे घेतला. आदल्या दिवशी जेवताना ते बरंच बोलले होते. आता पाठ साथ देत नाही, स्कूलची पाटी उतरवतो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मुलगी म्हणाली होती, “उतरवू नका. मला द्या.” ती दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या घडवायची. बाबांना हसू आवरेना. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गाडी घसरवायला जाणारीच्या हाती आपण नवशिकी माणसं द्यायची? तिनं वाद घातला नाही. उद्या माझ्याबरोबर चला, एवढंच म्हणाली.

म्हणून ते आज या बंद कारखान्याच्या आवारात आले होते. टँकरनं पाणी मारलं होतं, आणि आपापल्या जुन्या गाड्या पुसत हौशी मंडळी रांगेत उभी होती. मुलीनं गाडी रांगेच्या शेवटी नेऊन लावली. दोघं खाली उतरले.

रांगेत वाद रंगला होता. बँकेतला एक जाडजूड माणूस सांगत होता की जुनी गाडी स्वस्तात घ्यायची तर जास्त ताकदीचीच घ्यावी, नाहीतर चढावर ट्रकसुद्धा मागून हॉर्न मारतात. दोन सीटांच्या लाल गाडीला टेकलेली नर्स नकारार्थी मान हलवत होती.

“ताकद कमी असली की सगळी वापरता येते,” ती म्हणाली. “जास्त असली की नुसती सांगता येते.”

“आणि सामान कुठे ठेवायचं?”

“सामान टॅक्सीनं पाठवायचं.”

एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य होती. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर हवा, पुढच्यांनी फक्त वळावं, आणि गियर आपल्या हातानं टाकायला हवा. बाबांना राहवलं नाही.

“आता ऑटोमॅटिक इतक्या चांगल्या मिळतात. डाव्या पायाला तेवढाच आराम.”

“काका,” नर्स म्हणाली, “आरामाला घरी सोफा आहे की.”

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांची नजर मुलीकडे होती. ती गुडघे टेकून एकेका टायरमधली हवा तपासत होती, आणि तिच्या कपाळावर कवळी घासताना असायची तशीच बारीक आठी होती.

मुलीचा नंबर आला. बाबा पुन्हा तिच्या शेजारी बसले. पट्टा लावला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला.

“मळमळतंय का?”

“नाही. तू चालव.”

गाडी निघाली. दुसरा गियर इतका अलगद पडला की बाबांना तो फक्त आवाज बदलल्यामुळे कळला. शंकूंच्या वळणाशी मागची बाजू सुटली. ‘ब्रेक’ हा शब्द बाबांच्या दातांपर्यंत आला आणि रुमालात राहिला. मुलीनं स्टिअरिंग उलट फिरवलं. अॅक्सिलरेटरवरचा पाय तिनं काढला नाही, वाढवलाही नाही, नुसता तोलून धरला. गाडी तिरकी झाली आणि तिरकीच पुढे जात राहिली. बाबांच्या बाजूची काच आता वळणाच्या दिशेला होती. त्या काचेतून त्यांना एकामागून एक शंकू जवळ येताना दिसत होते, आणि एकही हलत नव्हता. मुलीचे हात घाई करत नव्हते. तिची नजर शंकूंवर नव्हतीच. जिथे जायचं तिथेच ती बघत होती. वळण संपलं, मागची बाजू आपणहून जागेवर आली, आणि तिसरा गियर पडला.

बाबांनी रुमाल खाली घेतला. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी घसरू नये म्हणून काय करायचं ते शिकवलं होतं. घसरल्यावर काय करायचं, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

“कसं वाटलं?” गाडी थांबवून तिनं विचारलं.

“अजून एकदा जाऊ,” बाबा म्हणाले.

दोघं पुन्हा गेले. त्यानंतरही गेले.

दुपारी पाणी सुकलं आणि माणसं पांगू लागली. बँकवाला बाबांजवळ आला. त्याच्यामागे त्याची बायको होती.

“काका, मुलीला तयार केलंत हं चांगलं.”

“गियर कसा टाकायचा ते मी शिकवलं,” बाबा म्हणाले. “बाकी तिचं तिनं कमावलंय. मला ते येत नाही.”

हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढला होता की पलीकडची नर्सही वळून बघू लागली.

“तुमचं स्कूल आहे ना?” बँकवाल्याच्या बायकोनं विचारलं. “मला शिकायचंय. यांच्याजवळ शिकायचं म्हणजे रोज भांडण. नवीन माणसं घेताय का अजून?”

मुलगी डिकीत पाना ठेवत होती. तिचा हात थांबला, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.

“मला काय विचारता?” बाबा म्हणाले. “मालकीणबाई त्या तिकडे उभ्या आहेत.”