खरी जन्मतारीख

परळच्या एका हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅमर संघर्षने मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ऑनलाइन फॉर्म तपासणारं सॉफ्टवेअर लिहिलं. जुन्या नोंदींत शेकडो म्हाताऱ्यांची जन्मतारीख एकच होती, एक जून. "लोक काहीही ठोकून देतात," म्हणत त्याने कोडमध्ये एक अट वाढवली. एक जून टाकली की फॉर्म परत, वर संदेश: 'खरी जन्मतारीख भरा.' सोमवारी ते लाइव्ह गेलं.

पुढच्या आठवड्यात तो करी रोडला घरी आला, तर आई हॉस्पिटलमधून तशीच परत आलेली.

"ऑपरेशन नाही झालं?"

"फॉर्मवरची तारीख आधारशी जुळेना म्हणाले. आता नंबर दिवाळीनंतर."

"तू टाकलीस कुठली?"

"माझीच टाकत होते रे, एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आम्हा सगळ्यांना तीच लावलेली. चारदा भरली, पण मोबाइल सारखा म्हणे, खरी भरा."

"मग?"

"मग मला पक्की ठाऊक असलेली एकच तारीख होती, ती भरली."

"कुठली?"

"तुझी."